ट्रॉलीतला समुद्र

१७ मार्च १९९६, रविवार

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एक ओळ लिहिली नाही. माफी मागतो, स्वतःचीच. दुसरं कोणी हे वाचत नाही. कारणं आहेत : तोंडी परीक्षा, मंजुळाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पेनाची बिघडलेली निब. निबचं कारण खरं नाही, पण खोडत नाही. वहीत तरी खोटं झाकू नये.

आज लिहायला बसलो तो किळस येऊन. निवडणूक लागली. आयोग यंदा कडक, त्यामुळे आमच्या देवपुरातल्या भिंती स्वच्छ आहेत. तोंडं मात्र मागच्या वेळचीच. कोण कोणाच्या जातीचा, कोणाच्या लग्नाला कोण आलं नाही, यावर सभा चालतात. समुद्रातल्या तेलविहिरी खासगी कंपन्यांना द्यायच्या म्हणतात, देशाच्या पुढच्या पन्नास वर्षांचा प्रश्न, त्यावर अख्ख्या धुळ्यात एक माणूस बोलत नाही. मी भूगोलाचा प्राध्यापक. गप्प बसणं हा गुन्हा ठरेल. लेख लिहून साप्ताहिकाला दिला होता. अर्धा छापला. उरलेल्या जागेत एका संचालकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, फोटोसह.

संकल्प : लोकांना तेल समजावून सांगायचं. पण कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून नाही. पुढाऱ्याचा चहासुद्धा नाही.

२० मार्च, बुधवार

तोताराम आबा घरी आले. शिंदखेड्याकडचे पुढारी, कापसाचं जिनिंग आहे, उमेदवाराचा सगळा प्रचार तेच बघतात. म्हणाले, सर, तुमचा लेख वाचला, रात्रभर झोप आली नाही. मनात म्हटलं, अर्ध्या लेखाने इतका परिणाम, तर पूर्ण छापला असता तर काय झालं असतं!

मी स्पष्ट सांगितलं, मी प्रचार करणार नाही. आबा म्हणाले, प्रचार कोण म्हणतंय? पोस्टर लावलं तर खर्चात धरतात, भिंत रंगवली तर केस होते. तुम्ही तर लोकशिक्षण करायचं. झेंडा नाही, चिन्ह नाही. लोकांनी समुद्र बघितलेला नाही, सर. तुम्ही फक्त समुद्र दाखवा, बाकी मी पाहतो.

हा माणूस दिसतो तितका अडाणी नाही. निघताना सहज म्हणाले की दिल्लीत तेलाच्या सल्लागार समित्या असतात, तिथे आपल्या भागातलं कोणी नाही. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

चहा घेतला. चहा आमच्याच घरचा होता, तेव्हा संकल्प मोडला असं होत नाही.

रात्री मंजुळाला विचारलं, काळा कोट अजून अंगाला बसेल का. ती म्हणाली, कशाला, दिल्लीला चाललात का? बायकांना प्रत्येक गोष्टीत हेतू दिसतो.

२६ मार्च, मंगळवार

समुद्रातल्या तेलविहिरीचं मॉडेल तयार होतंय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची उघडी टाकी, गुडघाभर खोल. मधोमध अँगलचा चार पायांचा प्लॅटफॉर्म, वर टीव्हीच्या जुन्या अँटिनाचा मनोरा. खालून सायकलच्या पंपाने जळकं ऑइल वर फेकायचं, म्हणजे तेल लागलं हे कळेल.

रंगावरून आबांशी वाद झाला. ते म्हणाले, पाणी ते पाणी. मी म्हणालो, किनाऱ्यावरचं पाणी मातकट असेल, पण विहिरी दीडशे किलोमीटर आत आहेत, तिथे समुद्र निळाच. शास्त्रीय बाबतीत मी तडजोड करत नाही. नीळ टाकायचं ठरलं.

मी स्वतः तेलविहीर पाहिलेली नाही. समुद्र एकदा, सहलीत, पोरं मोजण्याच्या नादात. पण पृथ्वीचा गाभाही कोणी पाहिलेला नाही, तरी आम्ही शिकवतो.

३ एप्रिल, बुधवार

पहिला प्रयोग, शिरपूरच्या अलीकडच्या एका गावी. गर्दी चांगली. ट्रॅक्टर चालवणारा पुना पंप मारताना ओरडला, सर, तेल लागनं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भूस्तर, गाळाचे खडक, सार्वभौमत्व असं क्रमाने नेलं. मग आबांनी माइक घेतला (माइक कोणाच्याही हातात जाऊ शकतो) आणि गरजले, हे तुमचं तेल विकायला काढलंय!

एक म्हातारा पुढे आला, नथ्थूबाबा म्हणत होते त्याला. म्हणाला, तेलना काय भाव शे? मी म्हणालो, बाबा, हे समुद्रातलं तेल. तो म्हणाला, ते बठ्ठं समजनं, पन भाव काय? गोडं शे का रॉकेल? तोवर मागे पाचसहा जण डबे घेऊन उभे राहिले होते.

लोकशाहीत अज्ञानाची शिसारी येऊन चालत नाही. तरी आली.

नोंद : खड्ड्यांतून जाताना निम्मा समुद्र रस्त्यावर सांडतो. प्रत्येक गावी नव्याने भरावा लागतो. पाणी कुठून आणता, असं पुनाला विचारलं. म्हणाला, टँकरचं. कोणाचा टँकर? म्हणाला, आबाले ठाऊक. विचारणं माझं कर्तव्य होतं, ते मी केलं.

७ एप्रिल, रविवार

रोज दोन गावं. घसा बसतोय. आबा आता मला व्यासपीठावर बसवतात. व्यासपीठ म्हणजे दुसरी ट्रॉली. तिच्यावर झेंडा आहे, पण मी झेंड्याकडे पाठ करून बसतो.

काल एका गावी विहिरीत खाली उतरून बायका वाटीने पाणी भरताना दिसल्या. शेजारून आमचा समुद्र हिंदकळत गेला. बरं वाटलं नाही. आबांना म्हणालो, या दिवसांत इतकं पाणी… आबा म्हणाले, सर, तुम्ही पन्नास वर्षांचं बघताय, त्यात एका टाकीचं काय घेऊन बसलात? युक्तिवाद वरवर खरा वाटला. रात्री त्यातला दोष शोधायचा असं ठरवलं होतं. झोप लागली.

आबांनी सांगितलं की उमेदवाराने दिल्लीला माझं नाव कळवलंय. उमेदवार अजून मी पाहिलेला नाही.

कोट ड्रायक्लीनला टाकला. टाकायचा होताच.

१० एप्रिल, बुधवार, रात्री

क्रमाने लिहितो.

नरडाण्याहून आत एक गाव. नाव लिहीत नाही. बारा वाजता पोचलो. गावाबाहेर निंबाखाली छोटा सरकारी टँकर उभा होता. पुनाने पाइप लावला, मी नीळ मोजून टाकली. टँकर संपला तरी टाकी काठोकाठ भरेना, म्हणून मी म्हणालो, राहू दे, भरती-ओहोटी समजावून सांगता येईल. असा विनोदसुद्धा केला. नोंद करतो, म्हणजे पुढे स्वतःला सोडून देता येणार नाही.

पारापाशी सभा. बायका हंडे घेऊन आल्या होत्या. मला वाटलं, पाणी भरून झाल्यावर आल्या असतील. हंडे रिकामे होते. पुनाने पंप मारला, काळं ऑइल उडून निळ्या पाण्यावर पसरलं. टाळ्या नाहीत. झुंबरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई ट्रॉलीजवळ आल्या. टाकीत बोट बुडवलं, वास घेतला.

म्हणाल्या, मास्तर, हाई पानी पेवानं शे का?

मी खरं सांगितलं. म्हणालो, नाही आई, यात नीळ आहे आणि इंजिनचं जळकं ऑइल.

त्या म्हणाल्या, मंग पेवानं कोठे शे? आमनं बठ्ठं टँकर याम्हाच गयं का?

आठवड्यातून दोनदा येणारा टँकर. तोच. मी आबांकडे पाहिलं. आबा जीपमध्ये बसत होते. म्हणाले, सर, तुम्ही समजावून सांगा, तुमचं ऐकतील. जीप गेली.

मी समजावू लागलो. कशापासून सुरुवात करावी कळेना, म्हणून गाळाच्या खडकांपासून केली. मागून एक बाई म्हणाली, आई, याले पाज ना हाई पानी, घसा सुकना त्याना! सगळ्या हसल्या. मीही हसलो. मी का हसलो?

त्यांनी मला हात लावला नाही, शिवी दिली नाही. ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली आणि हंडे चाकांपुढे मांडून बसल्या. टँकर येईपर्यंत समुद्र हलणार नाही. पुना सावलीला जाऊन झोपला. मी ट्रॉलीवर, प्लॅटफॉर्मशेजारी, उन्हात. झुंबरबाई मधूनच ओरडत, मास्तर, तुमना समुद्रम्हा हात धुवाले बी पानी नही! मला तहान लागली होती. पाणी मागायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी टँकर नाही, तहसीलची जीप आली, व्हिडिओ कॅमेरा घेऊन. सगळ्याचं चित्रण झालं. जीपमधल्या साहेबाने मध्यस्थी केल्यावर कुठे किल्ली मिळाली.

११ एप्रिल, गुरुवार

आबांच्या जिनिंगवर गेलो. आबा चौकशीला आलेल्या माणसाला सांगत होते, पक्षाचा काही संबंध नाही साहेब, झेंडा होता का? चिन्ह होतं का? हा सरांचा वैयक्तिक शैक्षणिक उपक्रम. टँकरचं पाणी सरांनी मागवलं, आम्ही मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार? नीळही सरांचाच हट्ट.

नीळ माझाच हट्ट होता, हे मान्य करावं लागलं. तसं लिहून सही केली. सत्य अर्धं असलं तरी जेवढं आहे तेवढं नाकारता येत नाही.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, मनावर घेऊ नका, मतदान झालं की सगळे विसरतात. आणि हो, समुद्र बंद. वरून निरोप आहे, तेलाचा विषय काढायचा नाही, उमेदवारांच्या व्याह्यांचं त्या विहिरी घेणाऱ्या कंपनीत काही बोलणं चाललंय.

किळस या शब्दाची ताकद संपली. दुसरा शब्द सुचत नाही.

मी एकदम म्हणालो, निदान त्या गावाला एक टँकर पाठवा. आबा म्हणाले, मतदानापर्यंत एकही टँकर मोकळा नाही सर, सभांना लागतात.

१४ एप्रिल, रविवार

आज जयंती. बुद्धविहारात दरवर्षी मी बोलतो, विषय ठरलेला : महाडचं पाणी. वीस वर्षं एकही वर्ष चुकलं नाही. यंदा निरोप पाठवला की घसा बसलाय. घसा खरोखर बसलाय.

मंजुळा एकटी गेली. परत येऊन तिने ताटं वाढली. जेवताना म्हणाली, तुमच्याऐवजी शेजारच्या तानुबाईंची नात बोलली, अकरावीतली. छान बोलली. पाण्यावर बसलेल्या माणसाबद्दल बोलली.

माझ्याबद्दल नसणार. तिला कसं कळेल?

१५ एप्रिल, सोमवार

निर्णय घेतला. त्या गावाला स्वतःच्या पैशाने टँकर पोचवायचा. धुळ्यातल्या तीन खासगी टँकरवाल्यांकडे फिरलो. दोन सभांत गुंतलेले. तिसरा म्हणाला, गाव कोणतं? नाव सांगितल्यावर म्हणाला, तिकडे नको साहेब, तिथल्या बाया गाडी सोडत नाहीत.

छोटा टेम्पो आणि टाक्या असा विचार केला. टेम्पोही प्रचाराला लावलेला, टेम्पोवाल्याला आबांची परवानगी हवी. मग ड्रम. ड्रम स्कूटरवर बसत नाही, अंगणात करून पाहिलं.

शेवटी दोन कॅन. एक पुढे पायांत, एक मागे बांधून. आमचा नळ दर तीन दिवसांनी येतो, उद्या पहाटे येईल. मंजुळा म्हणाली, अख्ख्या गावाला दोन कॅन? मी म्हणालो, प्रश्न प्रमाणाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, झुंबरबाईंना तत्त्व सांगू नका, पाणी ओता आणि परत या.

कॅन माळ्यावरून काढले. वर्षभर त्यांत रॉकेल होतं.

उद्याचं काम : नळ यायच्या आत दोन्ही कॅन सोड्याने घासणे, वास गेला पाहिजे.