मागची ट्रॉली

प्रिय उज्ज्वलाताई,

हे पत्र जाईबाईंच्या हाती पाठवतोय. त्या उद्या सकाळच्या एसटीनं नेकनूरला माहेरी येणार आहेत. तुझा फोन सारखा दाजींच्या खिशात असतो, म्हणून लिहायला बसलो. वाचून चुलीत टाक.

माझं ट्रॅक्टरचं लर्निंग लायसन निघालं, हे दाजींनी तुला सांगितलंच असेल. बीडला कॉम्प्युटरवर परीक्षा झाली. नववीत शाळा सुटली तरी घोकायची सवय सुटली नव्हती. रस्त्यावरच्या खुणांचं एकही उत्तर चुकलं नाही. आईनं मारुतीला नारळ फोडला. मी पत्र्याच्या तुकड्याला पांढरा रंग दिला, पट्टी धरून लाल ‘एल’ काढला आणि ट्रॅक्टरच्या तोंडाला बांधला. शिकाऊ माणसाशेजारी पक्क्या लायसनचा माणूस बसलाच पाहिजे, हा नियम मी आईला दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्याच दिवशी दाजी शिरूरला आले. त्यांनी तो पत्रा सोडला आणि तिथं लिंबू-मिरची टांगली. लोकांनी ते अक्षर बघितलं तर उगाच शंका काढतील, म्हणाले. मला वाटलं, मेहुण्याची चेष्टा चाललीय. मग कळलं की ऊसतोडीच्या टोळीचा ड्रायव्हर हनुमानभाऊ दुसऱ्या मुकादमाकडं गेलाय. रविवारी मी ट्रॅक्टर घेऊन नेकनूरला यायचं, सोमवारी दोन्ही ट्रॉल्यांत टोळी बसवायची आणि मांजरसुंब्याचा घाट उतरून माजलगावकडं उसाला न्यायची, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलंय. यंदा ते पहिल्यांदा मुकादम झालेत. मागं हटणं त्यांना जमणार नाही, हे मला कळतं.

ताई, काल तलावाच्या उतारावर मी दोन्ही मोकळ्या ट्रॉल्या जोडून बघितल्या. ट्रॅक्टरला पायानं दाबायचे दोन ब्रेक असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. शेतात वळायला ते सुटे ठेवतात. रस्त्यावर मात्र पट्टीनं जोडावे लागतात, नाहीतर एकच चाक अडतं आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. आपल्या ट्रॅक्टरची ती पट्टी तुटलीय. दाजींनी तारेनं आवळलीय. मी ब्रेक दाबला आणि मागच्या ट्रॉलीनं पुढच्या ट्रॉलीला ढकललं, पुढचीनं मला. सगळं धूड तिरकं होऊन बाभळीला टेकलं. एका शेळीचं करडू तिथंच चरत होतं. ते वाचलं कसं, मला अजून कळत नाही.

दाजी हसत होते. मोकळ्या ट्रॉल्या उड्या मारतातच, म्हणाले, माणसं बसली की वजनानं दबून चालतील. मी म्हणालो, उतारावर वजन थांबवत नाही, ढकलतं. तर सगळ्यांसमोर म्हणाले, “कावून भेतो बे? परीक्षा पास झालास न्हवं? तुला जमत नसंल तर प्रविण बसंल.” प्रविण म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. लायसनचं नाव नाही आणि चालवताना एक हात मोबाईलवर. म्हणून मी हो म्हणालो. हो म्हटल्यापासून रात्री-बेरात्री उठून ती तार तपासत बसतो. आईला वाटतं, मला दृष्ट लागलीय.

पहिल्यांदा मनात आलं, तुला एवढंच लिहावं की लेकरांना, सुकन्याला आणि धाकट्याला, घेऊन तू एसटीनं ये. तसं अर्धं पान लिहिलं आणि फाडलं. मागच्या ट्रॉलीत टोळीतल्या मुंजाजीची गरोदर बायको बसणार, तिला कोण लिहिणार? टोळी निघताना मुकादमाची बायको पाण्याची घागर घेऊन आधी चढते, मग बाकीच्या बायका चढतात, हे तू लहानपणापासून बघितलंयस. सोमवारी ती तू असणार. म्हणून सांगतो, चढू नकोस. दाजी ओरडतील, माहेरचा उद्धार करतील, कदाचित हात उगारतील. मी खाली उतरून तुझ्याशेजारी उभा राहीन. तुझी घागर जमिनीवर राहिली तर कुणाचंच पाऊल वर पडणार नाही. मग माणसं एसटीनं जातील आणि भांडीकुंडी, कोयते मी एकटा घेऊन घाट उतरेन. माझं ते कुणी ऐकत नाही, ताई. तुझं ऐकतील.

घाबरट, पण तुझाच,
जीवन