उजव्या कानातलं पत्र

झिरकपूर, चंदीगडजवळ, ईस्टरच्या आधीचा बुधवार

प्रिय शंतनू,

मी सांगते आहे आणि तुझी आई लिहिते आहे. मी बोलेन ते शब्दाला शब्द उतरवायचं, असा दम दिलाय तिला. नंतर वरच्या मजल्यावरच्या मधुरिमाकडून वाचून घेणार आहे. मला अक्षर येत नाही, पण चोरी पकडता येते.

तू जर्मनीला निघालास तेव्हा आपलं ठरलं होतं. माझ्या डोळ्यांवर पडदा, फोनवर नुसती खरखर. तेव्हा तू कागदावर लिहायचं आणि तुझ्या आईने, सुमेधाने, माझ्या उजव्या कानात ओरडून वाचायचं. काय कुजकट लिहायचास रे मेल्या! म्हणे, आजी, तुझ्या देवाचं पत्रही तुला दुसरेच वाचून दाखवतात आणि तू माना डोलावतेस. आत काय आहे, कुणी लिहिलंय, तुला काय ठाऊक? आठ दिवस मी जेवताना तुला शिव्या घातल्या.

मग उत्तर पाठवलं. तू त्या नॉलेज सिटीतल्या प्रयोगशाळेत कामाला होतास तेव्हा मला यंत्र दाखवायला नेलं होतंस. म्हणालास, हा कण कुणी पाहिलेला नाही, पण जाता जाता ओरखडा ठेवून जातो, त्यावरून ओळखायचा. मी म्हटलं, बाबा, तुझ्या कणाला ओरखड्यावर सोडतोस आणि माझ्या देवाकडे मात्र आधार कार्ड मागतोस? तुझे आजोबा गेले तेव्हा मी विहिरीच्या काठावर उभी होते, पोरं घरात निजलेली. कुणीतरी मला मागे फिरवलं. हात दिसला नाही, पण मी फिरले. हा माझा ओरखडा. आणि दुसरं असं की खोटं लिहिणारा माणूस गोड लिहितो. आपलं शास्त्र, बायबल, खोटं असतं तर प्रभूचा थोरला शिष्य एका मोलकरणीला भिऊन, मी त्याला ओळखत नाही, असं म्हणाला नसता. प्रभूचं थडगं रिकामं आहे हे सांगायला बायका पुढे केल्या नसत्या. बायकांचं तेव्हा कोण ऐकत होतं? आताही कोण ऐकतं म्हणा. खुद्द प्रभू मरताना देवालाच विचारतो, मला का टाकलंस. असली अडचणीची गोष्ट कुणी पदरची घालत नाही. म्हणून मी मानते.

त्यावर तू कळवलंस, आजी, तू वकील व्हायला हवी होतीस, पण देव नाहीच. मी खूश झाले. पत्र तुझंच होतं.

मागचा पावसाळाभर मी नगरला तुझ्या आत्याकडे होते. तू सुट्टीवर येणार होतास. मी परतले तर कळलं, तुझी रजा रद्द झाली. तेव्हापासून तुझी पत्रं फार गोड यायला लागली. आजी, गोळ्या घेतेस ना. आजी, तुझी आठवण येते. डिसेंबरात तर तू लिहिलंस की मी दर रविवारी चर्चला जातो, तुझंच खरं होतं. सुमेधा, थांबू नकोस, लिही. ते ऐकून मी नाचायला हवं होतं. मी तेच पत्र पुन्हा वाचायला लावलं.

त्याच्याही आधी, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, तुझे आईबाप बाजारात म्हणून गेले. आल्यावर सुमेधाची ओढणी हाताला लागली, तर काठावर मेणाचे थेंब वाळलेले. त्या दिवशी आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो. पण आपली गेलेली माणसं सगळी नगरला. चंदीगडच्या मातीत आपलं कुणीच नव्हतं.

तरी पाच महिने मी गप्प राहिले. उलट सुमेधाकडे मुद्दाम पत्र मागायचे. तो जेवतो का विचार, त्याला कुणी मुलगी भेटली का विचार. बिचारी पुढच्या पत्रात तुला जेवू घालायची. एकदा तर तुझं लग्नच ठरवत आणलं होतं तिने. मला मजा वाटत नव्हती. मी सूड उगवत होते. गेल्या आठवड्यात तुझं शेवटचं पत्र उशीखालून काढून मधुरिमाला दिलं. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, आजी, ही सोसायटीची नोटीस आहे. शनिवारी टाकी धुणार, पाणी येणार नाही.

तोच कागद हातात धरून सुमेधाने मला ऐकवलं होतं की तू तिथे भाकरी थापायला शिकलास.

आता हे पत्र कशाला, तर तुझी आई तोंडाने सांगत नाही, आणि तुझ्या बापाला, विजयकुमारला, विचारलं की तो उठून गॅलरीत जातो. म्हणून तिच्याच हाताने लिहून घेते आहे. शंतनू मेला. लिही, सुमेधा. मी नगरला असताना शंतनू मेला, आणि माती द्यायला त्याच्या आजीला बोलावलं नाही. लिहिलंस? दुष्ट आहे मी, असेन. सुमेधा, तू मला सहा महिने जिवंत नातू ऐकवलास, मी तुला एक दुपार मेलेला लिहायला लावला. रविवारी ईस्टर आहे. तेव्हाही प्रभूच्या थडग्याकडे पहाटे बायकाच गेल्या होत्या. आपण दोघी जाऊ. तिथे उभी राहून हे पत्र त्याला मोठ्याने वाच. तो ऐकतोय की नाही ते दिसणार नाही. न दिसणाऱ्याशी बोलायची मला सवय आहे. तुला आता करावी लागेल.

तुझीच, अजून भांडण संपलेलं नाही अशी,
आजी
(अंगठा)