तुम्हाला विचारायचं राहिलं

राजूर, श्रावण

प्रिय ठकूबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्हीच नाही. तरी लिहितेय. आज सकाळी तुमच्या कमलसाठी वसतिगृहाचा अर्ज भरला, अगदी सुवाच्य अक्षरात. सरपंचांशी बोलले, गुरुजींशी बोलले, तिच्या वडिलांनाही विचारलं. त्यांचा अंगठा घ्यायचा तेवढा राहिला होता, आणि माझा हात थांबला. ही सगळी विचारपूस मी आधीही एकदा केली होती. गेल्या वर्षी, तुमच्यासाठी.

तेव्हा मी समाजकार्याची पदवी घेऊन तुमच्या वाडीवर नवीनच आले होते. माणसाचा निर्णय त्याचा त्यानेच घ्यावा, हे परीक्षेत पानभर लिहून चांगले गुण मिळवले होते. तुमचा खोकला ऐकला, थुंकीतलं रक्त पाहिलं आणि खटपट करून नगरच्या मोठ्या दवाखान्यात तुमच्यासाठी खाट मिळवली. केवढी मिरवले मी त्याबद्दल!

तुम्ही ओट्यावर बसून ऐकत होतात. म्हणालात, "बाई, धा दीस थांबा. मंग न्या कुटं न्यायचं तिकडं."

का, ते मी विचारलंच नाही. तुम्ही घाबरलात, असं परस्पर ठरवून टाकलं. वहीत लिहिलं, 'रुग्ण भित्री आहे, सहकार्य करत नाही.' तुमच्या नवऱ्याचा अंगठा घेतला आणि दुसऱ्या दिवशी जीप दारात आणली.

जीपमध्ये बसताना तुम्ही एवढंच म्हणालात, "समद्यांस्नी इचारलं तुमी. मला कवा इचारनार?"

मी हसले आणि तुमच्या अंगावर शाल टाकली. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. उशाशी वाडीतलं कुणी नव्हतं. मीही नव्हते. मी इथे राजूरला, तुम्हाला दवाखान्यात नेल्याचाच अहवाल लिहीत बसले होते.

कारण कळलं ते तुमच्या दहाव्याला. शेजारच्या हौसाबाई सांगत होत्या, "तिच्या भाताच्या आवणीला आमी समद्या गेल्तो. इर्जिक हुती. मंग आमच्या खाचरात यायची तिची पाळी. ती न्हाई, म्हून पोरगी आली शाळा बुडवून."

म्हणजे तुम्हाला दवाखान्याची भीती नव्हतीच. तुमच्या जागी लेकीला चिखलात उभं राहावं लागू नये, म्हणून सगळ्यांच्या लावणीची पाळी फेडायला दहा दिवस हवे होते. कमल त्या चिखलात उतरली, नंतर घर तिच्याच गळ्यात पडलं, आणि शाळा सुटली ती सुटलीच.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं, दहा दिवस उशीर झाला असता तर? ते म्हणाले, दुखणं फार पुढे गेलं होतं, फरक पडला नसता. ते दहा दिवस तुमचे होते, ठकूबाई. मी ते घेतले.

कधीकधी तुमचा रागही येतो. एवढं सरळ कारण होतं, तर खडसावून का नाही सांगितलंत मला? पण सांगणार कशा? मी दर वेळी दारात उभ्या उभ्याच बोलले. तुम्ही पाट सरकवलात, पाणी दिलंत, आणि मी घड्याळ पाहून निघाले.

यंदा पावसाने दडी मारली. राबातली रोपं जागेवर करपली, आवणी कुणाचीच नाही. कमल बापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. तिने पुन्हा शाळेत जावं, असं मला फार वाटतं. तुम्हालाही वाटलं असतं. तिला काय वाटतं, हे मात्र मला अजून माहीत नाही.

वहीतलं ते 'भित्री' मी खोडलेलं नाही. वही उघडली की दिसतं, दिसू दे.

उद्या त्या दुष्काळी कामावर जाणार आहे, अर्ज न घेता. कमलशेजारी खडीच्या ढिगावर बसेन आणि तिला विचारेन. "थांबा" म्हणाली तर थांबेन, आणि का ते विचारेन. "न्हाई" म्हणाली तर तेही ऐकून घेईन, आणि लगेच उठणार नाही. हा शब्द तुम्हाला देते.

तुमच्या ओट्यावर कधीच न बसलेली,
सुमन