बुजवलेल्या खाचा

सातपूर, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. यशोदास, मल्हारीदादाचा मायेचा जय भीम. वि. वि.

मोतीरामदाजींचा लाकडी कॅमेरा शेजारच्या दिनेशबरोबर सटाण्याला पाठवतोय. भात्याला नवं कातडं लावलं, खिळखिळे सांधे सरसाने बसवले. भिंग पुढंमागं सरकतं त्या पट्टीवर कुण्या अडाण्याने चाकूने खाचा पाडल्या होत्या. भुसा-सरस भरून अशा बुजवल्यात, की बोटालाही सापडायच्या नाहीत. दाजींना म्हणावं, मेव्हणा नुसता तोंडाचा सुतार नाही.

लोभात जागा असू दे.
तुझा दादा

सटाणा, २० जानेवारी

ती. मल्हारीदादास सा. जय भीम.

फोनच केला असता, पण हे शेजारी बसून ऐकतात. चिठ्ठी तेवढी त्यांना दिसत नाही.

दादा, तो अडाणी म्हणजे हेच रे! नजर जायला लागली, तेव्हा उरल्यासुरल्या उजेडात मला रोज ओट्यावरच्या खुर्चीत बसवून त्यांनी त्या खाचा पाडल्या. पुढं काहीच दिसेनासं झालं, तरी बोटाने चाचपून भिंग जागेवर आणता यावं म्हणून. साऱ्या बागलाणची लग्नं काढली, माझा एकटीचा फोटो कधी नाही. घरचीच आहे, कधीही काढू, म्हणायचे. तेवढा एकच त्यांना काढायचाय.

कॅमेरा आला तेव्हा यांनी पट्टीवरून कितीदा तरी बोट फिरवलं. मग म्हणाले, मल्हारीचा हात गोड आहे. मी हिरवं लुगडं नेसून बसले, तर म्हणे आज उजेड बरा नाही. आता रोज तेच म्हणतात.

काहीतरी कर. रागावू नको, माया ठेव.
यशोदा

सातपूर, १० फेब्रुवारी

चि. सौ. यशोदास जय भीम.

तुझं पत्र वाचून त्या रविवारी आलो, तुला खुर्चीत बसवलं आणि कॅमेऱ्यामागच्या काचेवर तुझा उलटा चेहरा बघत पट्टीवर नवी खाच पाडली. मी निघाल्यावर दाजींनी काढलेला फोटो तू पाठवलास, तो इथं धुऊन घेतला; सोबत आहे. आधी तू एकटी बघ. खुर्चीची वेतं मोजावीत इतकी स्वच्छ, म्हणजे खाच चुकली नाही. पण खुर्ची रिकामीच दिसते गं! तुझ्या जागी नुसता धूर. झालं तरी काय? कॅमेऱ्यात घालायचा फोटोचा एक कागद उरलाय. येऊ का?

आठवण असू दे.
दादा

सटाणा, १८ फेब्रुवारी

ती. दादास सा. जय भीम.

खाच बरोबरच होती. भिंगाचं झाकण काढल्यापासून परत लावेपर्यंत मी हलायचं नव्हतं. पण ते त्यांच्या हातून निसटलं. जमिनीवर चाचपडायला लागले, ते मला बघवेना. उठले, झाकण त्यांच्या हातात दिलं आणि परत येऊन बसले. मी उठल्याचं त्यांना कळलंच, तरी त्यांनी झाकण भिंगावर बसवलं.

काल फोटो आल्याचं सांगितलं. डोळे नीट आले का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पापण्यासुद्धा. हसतेस का, म्हणाले. हसतेय, म्हटलं. बराच वेळ कागदावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, समोरच्या भिंतीवर लाव, आणि कॅमेरा बांधून ठेव.

दादा, उरलेला कागद आणू नकोस. पुन्हा काढायचा तर हा बिघडला, असं आमच्यापैकी एकाला बोलावं लागेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी यशोदा