बाहेर पडायचा फॉर्म

बुधवार, २२ जून २०१६, जुबैल, सौदी अरेबिया

ऑफिसातून फॉर्म आला. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी जायचा शिक्का. साठी झाली, कंपनी म्हणते आता पुरे. एकोणतीस वर्षं इथल्या वर्कशॉपात व्हॉल्व्ह खोलले, घासले, बसवले – आता माझाच नट सैल केला. वाईट नाही वाटलं. खरं सांगायचं तर मनात गुदगुल्याच झाल्या.

फॉर्मात एकच चौकोन अवघड. तिकीट कुठलं? मी 'मुंबई' लिहिलं. तिथून सिन्नर काय, आपलंच. दमयंतीनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि माझ्या चहात साखर जास्त घातली. म्हणजे बाईसाहेब खूश.

पण निधीला कसं सांगायचं? लेक इंग्लंडात लिंकनला नर्स आहे. दोन वर्षं एकच धोशा – "बाबा, रिटायर झालात की माझ्याकडेच यायचं. कायमचं." आम्ही आपलं हो-हो करत आलो. तोंडावर नाही म्हणायचा धीर झाला नाही.

"सांगणार कधी?" दमयंती.

"तू सांग. तू आई."

"आणि तुम्ही काय व्हॉल्व्ह आहात? गच्च बंद बसायला?"

शुक्रवार, २४ जून

ब्रिटन युरोपातून बाहेर! सकाळी टीव्हीवर पाहिलं, खरंच वाटेना. लगेच निधीला फोन. आवाज बसलेला पोरीचा. काल तिनंही मत दिलं. तिथं राहणाऱ्या कॉमनवेल्थवाल्यांना मत आहे म्हणे. आणि तिच्याच घरात दुसऱ्या खोलीत राहते ती इनेस – पोर्तुगालची, त्याच वॉर्डात अकरा वर्षं नर्स – तिला या मतदानात मतच नाही. बोला आता. मी एकोणतीस वर्षांत कुठंच मत दिलं नाही, सुट्टी आणि निवडणूक कधी जुळलीच नाही. पोरीनं थेट इंग्रजांच्या घरचा निकाल लावला.

"कुठं दिलंस?"

"बाबा, सीक्रेट असतं ते."

बापालाही सांगत नाही. बरोबरच आहे म्हणा.

संध्याकाळी बदरुद्दीनकडे इफ्तार. खेडचा माणूस, अठरा वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर. खजूर तोंडात असतानाच म्हणाला, "ब्रिटननं फायनल एक्झिट मारली रे. निदान रीएंट्री तरी मारून घ्यायची!" सगळी पंगत हसली. परत यायचा शिक्का नसला की काय होतं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. त्याचा भाचा जुनैद फार्मासिस्ट. त्याला वाटतं, तिकडं युरोपवाले कमी झाले की आपल्या पोरांचा नंबर लागेल. "लागो बाबा," मी म्हटलं. पण घास घेताना ती इनेस डोळ्यांपुढं येत राहिली. फोटोतसुद्धा पाहिलेली नाही मी तिला.

रविवार, २६ जून

आमचा इंग्रज इंजिनिअर दिवसभर गप्प. विचारलं तर म्हणाला, आईचं मत एकीकडं, भावाचं दुसरीकडं, दोघांचं बोलणं बंद. मला वाटायचं, असले अबोले आमच्याकडं बांधावरूनच होतात.

मंगळवार, २८ जून

भयंकर उकाडा. फॉर्म ड्रॉवरमध्ये. निधीला सांगितलं नाही.

शुक्रवार, १ जुलै

निधीचा फोन. एका म्हाताऱ्या पेशंटनं इनेसला विचारलं म्हणे, "काय, बॅग भरली का?" तिनं त्याची उशी नीट करून दिली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ज्यांनी ज्यांनी बाहेरच्या बाजूनं मत दिलं त्यांना माणुसकी नाही, त्यांना असल्या नर्सच्या हातचं पाणी मिळू नये... जरा जास्तच तोंड सुटलं.

निधी एकदम म्हणाली, "बाबा, ठेवते. भांडी घासायचीत."

"परवाही तूच घासत होतीस. इनेसची पाळी नसते का?"

"दमलेली असते ती."

दमयंतीनं वळण बरं लावलंय.

बुधवार, ६ जुलै

ईद. बदरुद्दीनच्या घरून शीरखुर्म्याचा डबा आला. पोट भरलं तसा धीर आला. म्हटलं, आज सांगून मोकळं व्हायचं. "निधी, तिकीट मुंबईचं लिहिलंय बघ. तुझ्याकडे येऊ, महिनाभर राहू. पण घर सिन्नरलाच. तुझ्या आईचं आणि माझं हे आधीपासूनच ठरलेलं होतं. सांगायला जीभ रेटली नाही."

पलीकडून हुंदका. म्हटलं, मोडलं पोरीचं मन.

"बाबा, मी बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं."

प्रचाराला दारावर आलेला एक जण म्हणाला होता, युरोपची रांग तुटली की तुम्हा लोकांना आई-वडील आणणं सोपं होईल. "तुमच्यासाठी दिलं. आणि तुम्हाला यायचंच नव्हतं!"

शुक्रवारी काय काय बडबडलो ते सगळं आठवलं, कान तापले. मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर? तिनंही उघडलं असतं तर? बापलेक एकाच कारखान्यातला माल.

"पलीकडच्या खोलीत इनेस आहे, बाबा. तिला काय सांगू?"

मी सातवी पास. इंग्रजी शिकलो ते व्हॉल्व्हच्या कॅटलॉगातून. त्यात याचं उत्तर नाही. शेवटी दमयंतीनं फोन ओढून घेतला.

"खरं ते सांग. पण आधी पोटभर जेवायला घाल तिला. वरणभात कर, वर तूप घाल. आणि मग सांग."

शनिवार, ९ जुलै

फॉर्म ऑफिसात दिला. निधीचा फोन येऊन गेला. इनेसला जेवायला घातलं, मग सांगितलं. इनेसनं ताटातला भात संपवला आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं. निकालाच्या दिवसापासून माझी भांडी तूच घासतेयस."

मग उठली, आणि दोघींची ताटं तिनं घासली.