अंगचोर

डोणगाव, ता. २ जुलै १९६३

चि. सौ. जनकास नारायणदादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझा भगवान वर्षभर माझ्या तालमीत आहे. तो आणि माझा शेषराव एकाच म्हशीचं दूध पितात, रहेमतुल्ला वस्तादाच्या हाताखाली सारख्याच जोर-बैठका काढतात. शेषराव दारात मावेनासा झाला. तुझं रत्न मात्र तुराटीसारखं आलं ते तसंच आहे.

आपल्या तालमीची रीत तुला माहीत आहे. नागपंचमीला दंडात काळा गंडा बांधायचा, पुढच्या पंचमीला तो रुतलेला दिसला पाहिजे. सैल राहिला तर गावासमोर कापायचा आणि त्या पोराला अंगचोर म्हणून हाकलायचं. भगवानच्या गंड्यात माझी दोन बोटं सहज जातात. तुझ्या सासरकडून दुसरं काय येणार म्हणा! मास्तरांच्या घराण्यानं खडूपेक्षा जड काही कधी उचललं असेल असं वाटत नाही. तरी रक्ताचा दोष एकवेळ पोटात घालीन, लबाडी घालणार नाही. एवढं खाऊन अंगी लागत नाही, म्हणजे पोरगा मेहनत चोरतो. पंचमीला गंडा कापणार.

लोभ वाढवण्याजोगं तुझ्या पोरानं काही केलेलं नाही, तेव्हा आहे तेवढाच ठेव.

तुझा
नारायणदादा

मोताळा, ता. ९ जुलै १९६३

तीर्थरूप नारायणदादास जनकाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. ते हसले, मला हसू आलं नाही.

एवढी जनावरं बाळगतोस. एकाच गाईचे दोन गोऱ्हे, ढेप तीच, दावण तीच. एक मातून जातो आणि दुसऱ्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. त्या दुसऱ्याला तू चोर म्हणतोस का? याच्या अंगी लागत नाही म्हणतोस आणि गप्प बसतोस. गोठ्यात असते तेवढी अक्कल तालमीत जाताना घेऊन जात जा.

आणि सासरचं रक्त म्हणशील, तर भगवानचं मनगट नीट बघ. ते आपल्या थोरल्या रामदादाचं आहे. तोही तुझ्याबरोबर घाम गाळायचा. तू फुगलास, तो होता तसाच राहिला. बाबांनी गावासमोर त्याचा गंडा कापला, अंगचोर म्हटलं, आणि तो त्या दिवशी जो गेला तो घरी आला नाही. तू तेव्हा छाती काढून उभा होतास. माझं पोर असं तोंड लपवून निघून गेलं तर तुझ्या दारचं पाणी पिणार नाही. गंडा कापण्याआधी पहाटे तालमीत जाऊन कोण काय करतं ते डोळ्यांनी बघ. एवढ्या पहाटे ते पोट उचलत असेल तर.

वहिनींना नमस्कार. माया असलीच तर असू द्यावी.

तुझी
जनका

डोणगाव, ता. २८ जुलै १९६३

चि. सौ. जनकास आशीर्वाद. वि. वि.

तुला खोटं पाडायचं म्हणूनच मी पहाटे कडब्याच्या गंजीआड जाऊन बसलो. चोर सापडला, पण माझ्याच घरचा. शेषराव दोन-चार जोर मारतो, अंगाला माती फासतो आणि कुस्तीच्या हौदात आडवा होऊन घोरतो. भगवान आपल्या बैठका काढतो, वर हौदही खणतो. रोज हेच. हा रेडा झोपेत फुगतो आणि तो राबून कोरडा! वस्तादाला झापलं तर तो म्हणाला, मालकाच्या पोराले चोर म्हनाची कोनाची छाती हाय, अन् तुमी मले इचारलं तरी कवा. भगवानला विचारलं, तू काऊन बोलला नाहीस. तो म्हणाला की मामा, तुमी म्हनता तं मले वाटे, मीच कुठंतरी अंग चोरून राह्यलो, म्हनून रोज थोडं वाढवत गेलो. मला त्या पोराकडे बघवेना.

पंचमीला मी गंडा कापला तो शेषरावचा. दंडात रुतलेला गंडा कापताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं. भगवानच्या पाठीवर सगळ्यांसमोर हात ठेवला.

रामदादाही असाच असेल, हे डोक्यातून जात नाही. तो कुठे आहे, काही कानावर असेल तर कळव. मी रागावलेलो नाही, तूही फार दिवस रागावू नकोस.

नारायणदादा

मोताळा, ता. ३ ऑगस्ट १९६३

तीर्थरूप नारायणदादास साष्टांग नमस्कार. वि. वि.

भगवानला एस.टी.त बसवून दे. त्याला मल्ल व्हायचं नाही, फक्त नाव राखायचं होतं. शेषरावला फार छळू नकोस. त्याला अंग फुकट मिळालं यात त्याचा गुन्हा नाही. तू त्यावरून त्याला मेहनती ठरवलंस, तो मूर्खपणा तुझा.

रामदादा फार लांब नाही. सडकेवर खडी फोडतो, अजून तसाच वाळका. दर भाऊबीजेला तुझ्याकडून निघाले की वाट वाकडी करून मी त्याला ओवाळून येते. तू कधी विचारलं नाहीस, आणि मला त्याची शपथ होती. राम चोर नव्हता, असं आपल्या घरचं कुणी म्हणेपर्यंत पत्ता द्यायचा नाही.

तू नुसतं 'असाच असेल' म्हणून मोकळा झालास. तेवढ्यानं भागायचं नाही. राम चोर नव्हता, असं स्वतःच्या हातानं लिही. पाकिटात घालू नकोस, उघड्या कार्डावर लिही. त्याला गावासमोर चोर म्हटलं होतं, आता हे वाटेत कुणीही वाचलं तरी चालेल. कार्ड माझ्याकडे पाठव, पत्ता मी घालीन.

तुझी
जनका