दोन फटी आणि गुड्रुनची श्रेणी

कोपनहेगन, गुरुवार, २८ मे १९३१
वह्या तपासून संपल्या. गुड्रुन स्कोबो, मासळीवालीची मुलगी, वर्गात सर्वांत हुशार. शेवटच्या प्रश्नात वाहवली. इलेक्ट्रॉन दोन फटींपैकी कोणत्या फटीतून गेला? तिने लिहिले, पाहिलेच नसेल तर हा प्रश्न विचारता येत नाही. मी लाल शाईने लिहिले, ‘वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असते.’ ‘उत्कृष्ट’वरून ‘चांगला’वर आणले. वाईट वाटले; पण शिस्त ती शिस्त.

शनिवार, ३० मे
नव्या भौतिकशास्त्रावरच्या व्याख्यानाला गेलो. वक्ता तिशीतला. मी उभा राहून विचारले, गोळी दोन फटींतून कशी जाईल? म्हणाला, साहेब, तुम्ही जन्मभर गोळ्याच पाहिल्यात, त्याला इलेक्ट्रॉन काय करणार? एकेक सोडला तरी पडद्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात. कोणत्या फटीतून गेला हे बघायला जा, पट्टे गायब. लोक हसले.
म्हणजे गुड्रुन बरोबर. शिष्यवृत्तीसाठी वर्गाच्या श्रेणींची यादी आठ तारखेला जाते. सोमवारी दुरुस्ती. नक्की.

सोमवार, १ जून
हेडमास्तर कामात दिसले. शिवाय स्वतःला न समजलेले दुरुस्त करणे हाही अप्रामाणिकपणाच. आधी समजून घेईन. या विषयावरचे पुस्तक आणले आहे; रोज दहा पाने.

बुधवार, ३ जून
तीन पाने. खुर्चीवर बसलो की वाटते, खुर्ची आहे तिथेच आहे. मग पुढचे पटत नाही. डॅगमारला सगळे सांगितले. म्हणाली, अहो, तो एवढासा इलेक्ट्रॉन म्हणे दोन-दोन दारांतून जातो, आणि तुमच्याने हेडमास्तरांच्या एका दारातून जाववत नाही! बायकोला विज्ञानातले बारकावे कळत नाहीत.

शुक्रवार, ५ जून
संविधान दिन. शाळा अर्धा दिवस, त्यामुळे इलाज नव्हता. बागेतल्या सभेत गुड्रुन भेटली. सर, माझे कुठे चुकले? मी म्हणालो, विचार अजून पक्का व्हायला हवा. म्हणाली, मलाही ते दोन फटींचे पटत नाही, सर. पण गणित तसेच येते. म्हणून पटायची वाट बघणे सोडून दिले.
मला झोप लागणार नाही. सोमवारी सकाळी आठला.

सोमवार, ८ जून
पावणेबाराला गेलो. हेडमास्तर म्हणाले, यादी ना? ती शनिवारीच पाठवली. तुमचे काही होते का, ट्वेडे? मी म्हणालो, छे, सहज.
पत्र लिहून कळवता येईल. मजकूर मनात तयार आहे.

बुधवार, १७ जून
मासळीबाजारात गेलो. शिष्यवृत्ती दुसऱ्या शाळेतल्या मुलाला मिळाली. गुड्रुन आईच्या फळीमागे खवले काढत होती. आईने दोन मासे तोलले, वर एक टाकला. घ्या हो मास्तर! पोरीला एवढे शिकवलेत, नशीब तिचे. गुड्रुनने मान वर केली नाही. मी नको म्हणालो. दोनदा. मग घेतला.
डॅगमारने विचारले, दोघांना तीन कशाला आणलेत? मी म्हणालो, स्वस्त मिळाले.